बाहुलीचे वस्त्र व गोष्टीचे वाचन

बाहुलीचे कपडे शिवणे हे लहान मुलींच्या सुटीतील विरंगुळ्याचे काम होय, असा सर्वसाधारण समज आहे. मूल मोठे झाले, वह्या-पुस्तकांत रमू लागले, की बाहुलीची पेटी माळ्यावर जाते; आणि तसे झाले म्हणजे मूल आता शहाणे झाले, असे आपण मानतो. आमचे मत याहून निराळे आहे. गोष्टीच्या पुस्तकातील एखादे पात्र निवडावे, त्याच्यासाठी बेतून, कापून, शिवून वस्त्रे करावीत आणि ती बाहुलीला नेसवावीत, हे काम वाचनाचेच एक अंग आहे. विशेषतः आपल्या खासगी बाजारासारख्या, महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या मराठी वस्तीत ते शाळेने आवर्जून हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते.

जगात या कामाकडे कोणी पोरखेळ म्हणून पाहत नाही. बीट्रिस अलेक्झांडर या बाईंनी १९२३ साली न्यूयॉर्क येथे बाहुल्यांचा उद्योग सुरू केला. अद्भुतनगरीतील अ‍ॅलिस आणि 'लिटल विमेन' या कादंबरीतील चौघी बहिणी यांच्या बाहुल्या त्यांनी केल्या व त्यांना कथेस शोभतील असे पोशाख शिवले. शांता शेळके यांची 'चौघीजणी' ज्यांनी वाचली आहे, त्यांना या बहिणी परक्या नाहीत. संग्राहक आजही त्या बाहुल्या जपून ठेवतात. जपानात दर वर्षी ३ मार्च रोजी घरोघर बाहुल्यांची आरास मांडतात. त्या बाहुल्यांच्या अंगावर हजार वर्षांपूर्वीच्या राजदरबारचा वेष असतो. तो वेष आज रस्त्यात कोणी घालीत नाही. पण बाहुलीमुळे तो जपानी मुलीच्या नित्य परिचयाचा राहिला आहे. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांनी दिल्लीत उभारलेल्या बाहुली-संग्रहालयाचे उद्घाटन ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. या संग्रहालयाला जोडून बाहुल्या घडविण्याची कार्यशाळा होती. तेथे निरनिराळ्या प्रांतांची वेषभूषा व दागिने यांचा अभ्यास करून भारतीय बाहुल्या तयार होत.

आता आपल्या घराकडे वळू. दुकानातून आणलेली बाहुली येते ती अंगावर चमकदार झगा घालूनच. ती कोण, कोठली, तिची गोष्ट काय, हे ठरविण्याचे काम कारखान्याने केलेले असते. मुलाकडे फक्त तिला कपाटात उभी करण्याचे काम उरते. उलट आपल्या पुस्तकांतील माणसे आपल्या मनात वस्त्रांवाचूनच वावरत असतात. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहे. तीत न्हाऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला तिचे ओचे दगडावर पसरावयास सांगतो आणि त्यांवर पाय ठेवतो, असा प्रसंग आहे. पुढे आई त्याला जे सांगते ते सर्वांना पाठ असते. परंतु ओचा म्हणजे काय, हे किती जणांना सांगता येईल? सहावारी पातळावर वाढलेल्या आमच्या पिढीला तो पदर वाटतो, कोणाला टॉवेल वाटतो. नऊवारी लुगडे नेसताना निऱ्या पोटाशी खोचून पुढे जो घोळ राहतो, तो ओचा. आई नेसलेले लुगडे सोडीत नाही. अंगावरच्या वस्त्राचाच भाग मुलाच्या पायांखाली घालते. हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले, तरच त्या प्रसंगाची खोली कळते. श्यामच्या आईची बाहुली करून तिला लुगडे नेसवावयास जो विद्यार्थी बसेल, त्याला ओचा टाळून पुढे जाता येणार नाही. शब्दकोशातील चार शब्दांनी जे होत नाही, ते हातभर कापडाने होईल.

ग्वाल्हेरातील मराठी मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. घराबाहेर पडताच आपण हिंदी बोलतो, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु हिंदीत साडी 'पहनतात', म्हणून आपणही मराठीत साडी 'घातली' असे सर्रास म्हणू लागलो आहो. मराठीत लुगडे नेसतात, सदरा घालतात, पागोटे बांधतात, शाल पांघरतात, पदर घेतात आणि उपरणे खांद्यावर टाकतात. यांतील प्रत्येक क्रियापद हाताच्या वेगळ्या हालचालीचे नाव आहे. ती हालचाल नाहीशी झाली की क्रियापदही पोरके होते. पदरमोड करणे, कनवटीला लावणे हे वाक्प्रचार परीक्षेपुरते पाठ करता येतात. पण पदराच्या टोकाला पैसे बांधून ठेवीत, कमरेशी नेसूच्या गाठीत ते खोवीत, हे बाहुलीवर एकदा करून पाहिले की पाठांतराची गरज उरत नाही.

दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० साली येथे पडली. ती छावणी उठली नाही, तिचेच शहर झाले आणि 'लष्कर' हे नाव मात्र टिकले. 'खासगी' हाही दरबारी कारभारातला शब्द. तो आपल्या वस्तीच्या नावात रोज उच्चारला जातो. नावात शब्द टिकतो, कारण तो रोज वापरावा लागतो. वस्त्रांच्या शब्दांना असा रोजचा वापर कोठून मिळणार? घरातील आजी आता सणावारीच नऊवारी नेसते, आणि पुष्कळ घरांत तेवढेही राहिलेले नाही. भाद्रपदात उभ्याच्या महालक्ष्म्यांना लुगडे नेसविण्याची वेळ आली म्हणजे शेजारच्या एखाद्या वयस्कर बाईंना बोलावून आणावे लागते. त्या बाईंच्या हातातील कला आपण पुढे नेली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच संपेल. आमच्या मते या साऱ्या विषयातील कळीचा मुद्दा हाच आहे.

काम कसे करावे, याविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण केवळ उपदेशाने सुईत दोरा ओवला जात नाही. प्रथम माप. बाई दीडशे सेंटिमीटर उंच आणि बाहुली तीस सेंटिमीटर असेल, तर प्रमाण पाचास एक असे होते. नऊ वार म्हणजे सुमारे ८२३ सेंटिमीटर. त्याचा पाचवा भाग १६५. लुगड्याचा पन्हा १२० धरला तर बाहुलीस २४ पुरे, आणि पाच सेंटिमीटरांचा काठ एकच सेंटिमीटर व्हावयास हवा. गणिताच्या तासाला त्रैराशिक शिकून जे मूल कंटाळते, त्याला ते येथे उपयोगी पडलेले दिसेल. परंतु येथेच एक अडचण उभी राहते. लांबी-रुंदी पाचपट कमी करता येते, पण कापडाची जाडी कमी होत नाही. त्यामुळे पुऱ्या मापाच्या निऱ्या घातल्या तर बाहुलीचे पोट गाठोड्यासारखे दिसते. तेव्हा कापड जितके तलम मिळेल तितके घ्यावे, निऱ्या निम्म्या कराव्यात, आणि भाताच्या पेजेची खळ देऊन त्या हाताने दाबून बसवाव्यात. छापील कापड घेतल्यास त्यावरील फूल अगदी बारीक असावे. नाही तर एकाच फुलाने बाहुलीची सारी पाठ झाकली जाते. बटणांच्या जागी मणी शिवावेत. चोळीला धावदोरा घालून भागत नाही. तिथे बारीक टीपच हवी, कारण ती अंगाशी घट्ट बसावी लागते.

सामान दूर शोधावयास नको. पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातच असलेल्या चंदेरीचे नाव तलम कापडाकरिता सर्वत्र घेतले जाते. घरातील विरलेल्या चंदेरी साडीचा धड राहिलेला तुकडा बाहुलीच्या लुगड्यास उत्तम. शिंप्याच्या दुकानातील चिंध्यांत खणाचे, मखमलीचे, जरीचे तुकडे सापडतात. बाहुलीही विकत घेण्याचे कारण नाही. याच शहरात बत्तोबाईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापडी बाहुल्यांची परंपरा आहे, आणि अक्षय्य तृतीयेस आपल्या हिंदीभाषक शेजारणी बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. चिंध्या भरून बाहुली कशी उभी करावी, हे त्यांच्याकडून शिकावे. त्या बदल्यात आपण त्यांना काष्टा घालावयास शिकवावा. शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

पुस्तकात वस्त्राचे वर्णनच नसेल तर काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. अशा वेळी गोष्टीला शरण जावे. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी लेकीकडे जाताना वाळलेली असते व येताना लठ्ठ होऊन येते. तेव्हा तिची चोळी जाताना सैल व येताना तटतटलेली दिसली पाहिजे. म्हणजे एकाच बाहुलीला दोन चोळ्या शिवाव्या लागतील. तिच्या लुगड्याचा रंग मात्र गोष्टीत कोठे सांगितलेला नाही. तो ज्याचा त्याने ठरवावा. अ‍ॅलिसच्या झग्याचा रंग निळाच, असे आज सर्वजण मानतात. परंतु १८९० साली लहान मुलांसाठी निघालेल्या रंगीत आवृत्तीत तो पिवळा होता. लेखक जेथे गप्प राहतो तेथे वाचकाला बोलण्याची मुभा असते. तिचा उपयोग करावा, आणि असे का केले हे विचारल्यास कारण सांगता यावे, इतकेच पथ्य आहे.

काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. हे मुलींचे काम आहे, असा पहिला आक्षेप. ज्या नामदेवरायांचे अभंग आपण प्रार्थनेत म्हणतो, त्यांचे घराणे शिंप्याचे होते. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या लुगड्याची ढब पाहून घरंदाज स्त्रियाही तसे नेसू लागल्या. सुई आणि निरी यांना जात वा लिंग नाही. शिंदेशाही पगडीच्या टोकाचा बाक कापडात साधून दाखविणे हे कोणत्याही मुलाच्या बुद्धीचा व बोटांचा कस पाहणारे काम आहे.

परीक्षेच्या दिवसांत हा वेळेचा अपव्यय नव्हे काय, हा दुसरा आक्षेप. परीक्षेच्या ऐन दिवसांत हे करू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण दिवाळीच्या सुटीत किल्ला बांधावयास ज्यांना चार दिवस मिळतात, त्यांना त्या किल्ल्यावरील मावळ्याला अंगरखा शिवण्यास एक दुपार मिळणार नाही, हे पटण्यासारखे नाही. तिसरा आक्षेप असा की, गेलेले वेष परत आणून काय साधणार? वेष परत आणावेत असे आम्ही म्हणत नाही. आपल्या आया-बहिणींनी सोयीचे तेच नेसावे वा घालावे. परंतु ज्या भाषेतील पुस्तके आपण वाचतो, त्या पुस्तकांतील माणसे कशी दिसत, कशी चालत, पाऊस आला तर डोक्यावर काय घेत, हे ठाऊक नसेल तर आपण अक्षरे वाचतो, गोष्ट वाचीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात एक टेबल गोष्टीतील बाहुल्यांसाठी राखून ठेवावे. प्रत्येक बाहुलीपुढे एक कार्ड असावे. त्यावर पुस्तकाचे नाव, ज्या पानाच्या आधारे वेष ठरविला त्या पानाचा क्रमांक, आणि अंगावरील प्रत्येक वस्त्राचे मराठी नाव लिहावे. ज्या आजीने, मावशीने अथवा शिंपीकाकांनी शिकविले, त्यांना प्रदर्शनास मानाने बोलवावे. बक्षीस सर्वांत भरजरी बाहुलीस देऊ नये. जिचे वस्त्र पुस्तकाशी सर्वांत इमानी असेल, तिला द्यावे.

या वर्षी प्रत्येक वर्गाने एकेक पुस्तक घेतले, तरी थोड्याच वर्षांत आपल्या शाळेत मराठी गोष्टींची एक लहानशी वस्ती उभी राहील. आजीच्या ट्रंकेतील जुने लुगडे बोहारणीला जाण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा मागून घ्यावा, आणि ते कसे नेसत हे तिच्याकडूनच शिकून घ्यावे. तुकडा नंतरही कोठून तरी मिळेल. शिकविणारे हात मात्र पुन्हा मिळणार नाहीत.