बाळंतिणीचं वजन कुणाच्या खात्यावर?

माझं वजन ९२ किलो आहे आणि उंची पाच फूट एक इंच. हे आकडे छापून येणार म्हटल्यावर नवऱ्यानं ‘कशाला?’ असं विचारलं. त्याचं विचारणं अगदीच चूक नाही. पण गेली पाच वर्षं लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, बँकेच्या काउंटरपलीकडून लोक हे आकडे अंदाजानं लावतच आहेत. तेव्हा एकदा खरे सांगून टाकलेले बरे.

लग्नात मी ५८ किलोंची होते. मुलगी पोटात असताना २१ किलो वाढले, बाळंतपणात त्यातले सात गेले आणि पुढच्या पाच वर्षांत वीस चढले. सातव्या महिन्यात रक्तात साखर निघाली होती. ती बाळंतपणानंतर गेली असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर का बदलतोय म्हणून तपासणी केली, तर साखर आपली मुक्कामाला होतीच. आता सर्जननं वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि तीन महिने मी तिचा विचार करते आहे. नुसता विचार करते म्हटलं तरी माणसं दोन तट पाडून उभी राहतात. ‘एवढ्याशासाठी पोट कापून घेणार?’ हा एक तट आणि ‘जरा तोंडाला आवर घाल, पहाटे फिरायला जा’ हा दुसरा. दोन्हीकडची माणसं माझ्यावर माया करणारी आहेत, हीच पंचाईत आहे.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सांगलीहून मी आईकडे गेले ती सातव्या महिन्यातच. मुलगी झाल्यावर सव्वा महिना खाटेखाली शेगडी, डोक्याला स्कार्फ, पोटाला जुनं सुती लुगडं करकचून बांधलेलं. सकाळी डिंकाचा लाडू, दहाला अळिवाची खीर, दुपारी तुपात कुस्करलेली बाजरीची भाकरी, चारला मेथीचा लाडू, रात्री झोपताना दुधातून शतावरी. ‘अगं, खा. तू खाल्लंस तर तिला दूध येईल,’ हे आईचं पालुपद. या लाडवांची टिंगल करणाऱ्यांतली मी नाही. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तक्ते सांगतात. म्हणजे आईचा हिशेब मुळात बरोबर होता. फक्त तो तिच्या बाळंतपणाचा होता. दीड महिन्यानं ती उसाच्या रानात परत गेली होती. पाणी आडाचं, दळण डोक्यावरून. मी सहा महिन्यांनी खुर्चीवर परत गेले. लाडू तेच, खुर्ची नवी.

आणि रक्तात साखर निघालेल्या बाईनं गुळाचे लाडू किती खावेत, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. मलाही नाही. दवाखान्यातून सोडताना बाळाला न्हाऊ कसं घालायचं, नाळ कशी कोरडी ठेवायची, लस कधी, हे सगळं सांगितलं गेलं. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, ‘आता साखर जाईल.’

खरं म्हणजे गरोदरपणी मधुमेह निघालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन पुन्हा तपासणी करावी, असं केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. सहा आठवडे! बरोबर त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन लसीच्या रांगेत बसले होते. नर्सबाईंनी तिचं वजन केलं, कार्डावर तारीख घातली, चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या पुढच्या तारखा पेन्सिलीनं लिहून दिल्या. एक तारीख चुकली तर आशाताई घरी येतात. याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच बाकावर बसलेल्या बाईच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यावा, तिलाही त्या काट्यावर उभं करावं, हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं. नऊ महिने दर भेटीला माझं वजन घेतलं जात होतं. मूल बाहेर आल्यावर ते एकाएकी माझी खासगी बाब झालं, आणि वर्षभरानं साऱ्या गल्लीची.

मी बँकेत नोकरी करते, म्हणून मला हे असं सुचतं. ज्या रकमेला खातं नाही, ती ‘संकीर्ण’मध्ये टाकतात आणि तिथं तिच्याकडे कुणी बघत नाही. बाळंतिणीचं वजन तसं संकीर्णमध्ये पडून असतं. २०१७ साली कायदा बदलून बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर आली. चांगलं झालं. पण त्या २६ आठवड्यांत आईच्या शरीराचं काय होतं, हे विचारायला त्या कायद्याच्या बाहेर कुणीतरी हवं होतं.

आता ‘तोंडाला आवर घाल’ याबद्दल. घातला. दोन वेळा आहारतज्ज्ञ, एकदा जिम, एकदा फक्त दोनच वेळा जेवण्याचा प्रयोग. एका खेपेला अकरा किलो उतरले आणि दहा महिन्यांत तेरा आले. मी याला माझा नादानपणा समजत होते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्याचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि विसावलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे उपाशी ठेवलेलं शरीर सहा वर्षांनीही काटकसर सोडत नाही. त्यात आपण लोक मुळातच काटकसरीचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पुण्याकडच्या आणि इंग्लंडमधल्या साउदम्टनच्या नवजात बाळांची तुलना केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५ किलोचं, पण आपल्या किडकिडीत बाळाच्या अंगावर चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणूनच कमी वजनालाही आपल्याला मधुमेह गाठतो आणि शस्त्रक्रियेची मर्यादाही आशियाई माणसांसाठी खाली आणली गेली आहे. पहाटे फिरायला जा म्हणणाऱ्या काकांना हे कसं सांगावं?

शस्त्रक्रिया म्हणजे जादू आहे असं मात्र मी समजत नाही. मला सुचवलेल्या प्रकारात दुर्बिणीतून जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भूक वाढवणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. वर्षभरात एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा उतरतो, म्हणजे मी सत्तरच्या आसपास येईन. पुन्हा ५८ नाहीच. पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग चमच्या-चमच्यानं. काही महिने केस गळतात. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ जन्मभर. आमच्यासारख्या शाकाहारी घरात तर बी-१२ आधीच काठावर असतं. जिवाला धोका हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी. लहान आहे, पण घरात पाच वर्षांची मुलगी असलेली बाई तो आकडा दोनदा वाचते. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लोकांची नोंद ठेवली गेली. त्यात शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी निघालं, हे खरं. आणि पहिल्या एक-दोन वर्षांनंतर थोडं वजन परत येतं, हेही त्याच नोंदीत आहे.

विम्याची गंमत ऐका. पॉलिसीतल्या प्रमाणित कलमाप्रमाणे बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक. माझा ३८. आजारांच्या यादीत मधुमेह आहे, पण ‘अनियंत्रित’. मी गोळ्या वेळेवर घेते, साखर आटोक्यात आहे, म्हणून माझा दावा बसत नाही. गोळ्या कचऱ्यात टाकल्या असत्या तर बसला असता. डॉक्टर म्हणतात की मधुमेह जितका नवा, औषधं जितकी कमी, तितकी शस्त्रक्रियेनंतर तो मागे हटण्याची शक्यता जास्त. म्हणजे वैद्यक लवकर ये म्हणतं आणि विमा आणखी बिघडून ये म्हणतो.

२०२५ पासून आठवड्याच्या इंजेक्शनांचाही बोलबाला आहे. तीही विचारून आले. चांगली आहेत, पण थांबवली की बहुतेकांचं वजन परत येतं आणि दर महिन्याचा खर्च हजारांत. शिवाय दिवस राहू देण्याआधी ती बंद करावी लागतात.

खरी गाठ इथंच आहे. मी ३६ वर्षांची आहे आणि मला दुसरं मूल हवंय. सासूबाईंना हवंय म्हणून नव्हे, मला हवंय. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात. म्हणजे मी अडतिशीत जाणार. शस्त्रक्रिया न करता आत्ताच दिवस गेले, तर पहिल्या महिन्यापासून मधुमेह घेऊनच, आणि त्याचा ताप बाळाला. स्वीडनच्याच २०१५ मधल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या आयांना गरोदरपणी मधुमेह कमी झाला, बाळं अवाजवी मोठी झाली नाहीत. पण दिवसांच्या मानानं लहान बाळं मात्र जास्त जन्मली. कुठलीच बाजू पूर्ण निर्धोक नाही. हे मला सर्जननं अर्धा तास बसून सांगितलं, आणि माझ्या वजनाबद्दल इतका वेळ कुणी माझ्याशी बोलण्याची पाच वर्षांतली ही पहिली वेळ होती. मूल सहा आठवड्यांचं असताना असा अर्धा तास कुणी दिला असता तर मी आज या दारात नसते, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मुलीला पाच वर्षांचा बूस्टर द्यायला गेले होते. वजन-उंची लिहून झाल्यावर मी नर्सबाईंना म्हटलं, ‘माझंही करता का?’ त्यांनी केलं. मग कार्ड उलटसुलट करून बघत विचारलं, ‘ताई, तुमचं कुठं लिहू?’ मी बँकेच्या पासबुकामागं लिहून घेतलं.

शस्त्रक्रिया करून घ्यावी, याकडे माझा कल झाला आहे. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढायचे की सोनं मोडायचं, यावर घरात बोलणी चालू आहेत. एंडोस्कोपी बुधवारी आहे. आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी येते. मुलीला मी बघते. आणि त्या डॉक्टरांना विचार, नंतर तुला काय काय खायला चालेल. लिहूनच घे.’