दिवाळीच्या भेटीतला वाटा संशोधनालाही द्या

दिवाळी आली की विरारमधल्या बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत सुक्या मेव्याचे डबे या घरातून त्या घरात फिरू लागतात. आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात नाताळला पुन्हा तेच. काही घरे आणि कार्यालये त्याऐवजी सामाजिक संस्थांच्या वस्तू घेतात. मुंबईतली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून रुग्णांसाठी काम करते आणि तिच्या पुनर्वसन केंद्रात रुग्ण व त्यांचे नातेवाईक वस्तू बनवतात. अशी खरेदी चांगलीच. तिच्यामुळे रोजगार मिळतो, उपचारांना हातभार लागतो. पण वैद्यकीय संशोधनापर्यंत या सणासुदीच्या पैशातले फारसे काही पोचत नाही, आणि ते पोचायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

कारण स्वस्त उपचार शोधण्यात औषध कंपन्यांना नफा नसतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर एक चाचणी झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन दिले, एवढाच फरक. दात काढताना भूल देण्यासाठी वापरतात तेच हे जुने, स्वस्त औषध. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले होते. ज्याचे पेटंट कधीच संपले, त्या औषधासाठी असा वर्षानुवर्षांचा खटाटोप कोणती कंपनी करील? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचेही तसेच. दहावी शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी साध्या ॲसेटिक ॲसिडने गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. त्या कामाला पैसा आला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून.

कुणी म्हणेल, विरारहून लोकलने परळ गाठणाऱ्या रुग्णाला आज औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही उद्याच्या शोधांचे काय सांगता? पण औषध त्याच्या आवाक्यात आणण्याचे कामही संशोधनच करते. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगावर निवोलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या दशांशाहूनही कमी मात्रेत, गोळ्यांच्या केमोथेरपीसोबत देऊन टाटाच्या डॉक्टरांनी पाहिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेले. हे काम सरकारचे आहे, हा आक्षेप बरोबर आहे, आणि सरकारने अधिक द्यावे ही मागणी सोडू नये. पण टाटा रुग्णालय स्वतःच एका खाजगी न्यासाच्या पैशातून 1941 मध्ये उभे राहिले. वस्तूच्या किमतीतला बराच भाग बनवण्या-पोचवण्यात जातो, हा तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणून थेट देणगी केव्हाही उत्तम. ज्यांना भेट द्यायचीच आहे त्यांनी विक्रेत्या संस्थेला विचारावे: यातले किती रुपये कुठे जातात? नेमके उत्तर मिळाले नाही तर दुसरी संस्था शोधावी. गृहनिर्माण संस्थांनी यंदा डब्यांच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून संशोधन करणाऱ्या एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाला द्यावा, आणि ती देणगी संशोधनासाठीच आहे असे पत्रात स्पष्ट लिहावे.