नीरमाचा हिशेब
सरदार सरोवराचे पाणी धार जिल्ह्यापर्यंत, इंदिरा सागराचे देवासपर्यंत पसरले आहे. तेथे जलक्रीडा वाढणार, हे उघड आहे. आपले तांडेल रिकाम्या गलबताच्या तळाशी दगडांचे नीरम भरीत; माल चढला की ते उतरवीत. आता फळीवरच्या खेळासाठी उंच लाट हवी, म्हणून यांत्रिक नौकेत मागे पाण्याच्या पिशव्या भरतात. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, चार प्रौढांचा भार! अर्धवट पिशवीतील पाणी वळणावर एका अंगास धावते, ते निराळेच. भारमर्यादेतून हे वजन प्रथम वजा व्हावे, तेवढी माणसे काठावरच थांबवावीत. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात क्षमतेबाहेर भरलेली नौका उलटून १४ जण बुडाले. त्यांत १२ शाळकरी मुले होती. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने पिशव्या घाटावर उभे राहून मोजाव्यात, कचेरीत बसून नव्हे.