टाकी कुठे, माणसे कुठे?

अमेरिकेत जुने पिकअप ट्रक जमिनीला टेकतील इतके खाली बसवण्याचा शौक आहे. त्यात 1967 ते 1972 सालांतले शेवरले पिकअप फार आवडीचे. या गाड्यांची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असे. घरची माणसे पुढे आणि पेट्रोल त्यांच्या पाठीशी! म्हणून अनेक जण ती टाकी काढून मागच्या हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवतात.

हे आम्हाला शहाणपणाचे वाटते. पण गाडी खाली आली की टाकीही रस्त्याजवळ येते. तिचा तळ चेसिसच्या खाली लोंबला, तर गतिरोधकाचा पहिला घाव तिलाच. मागचा ॲक्सल वर उसळतो, त्यालाही जागा सोडावी लागते. सायलेन्सरचा पाइप दूर हवा, भरण्याची नळी उताराची हवी, आणि गाडी उलटली तरी हवेच्या नळीतून पेट्रोल सांडू न देणारा व्हॉल्व्ह हवा.

रिकाम्या टाकीला तर कुणी निरुपद्रवी समजू नये. आत उरलेली वाफ ठिणगीने भडकते. तिला वेल्डिंग लावणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे.

आपल्या मुलांनाही असा शौक लागतो. त्यांना हौसेबद्दल रागावण्यापेक्षा दोन गोष्टी सांगाव्यात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. आणि गाडी कशी दिसते याआधी, आत कोण बसणार आहे, हे पाहावे.