कागदावर चोवीस, रस्त्यावर सतरा : छोट्या गाडीचं अॅव्हरेज नेमकं कुठं गळतं?

बेळगाव : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. बाराशे सीसीच्या आतली, चार मीटरच्या आतली गाडी एकदम आवाक्यात आली. दुचाकीवर तिघं-चौघं बसून फिरणाऱ्या अनेक घरांत पहिली चारचाकी आली ती याच काळात. आणि दोन-तीन टाक्या संपल्या की घरोघरी तोच प्रश्न : शोरूमवाल्यानं चोवीस-पंचवीस सांगितलं होतं, गाडी सतरा-अठराच का देते?

फरक किरकोळ नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चोवीसच्या हिशेबानं साधारण ४२ लिटर पेट्रोल लागायला हवं. सतराच्या हिशेबानं ते ५९ लिटर होतं. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं तरी महिन्याला सतराशे रुपये जादा, वर्षाला वीस हजार. ज्यानं हप्ता आणि पेट्रोल यांची बेरीज करूनच गाडी घेतली, त्याच्या बजेटला हे भोक मोठं आहे.

उत्तर मात्र सगळ्यांकडं तयार असतं : इथेनॉल. ते चूक नाही, पण अपुरं आहे, आणि त्यामुळं बाकीची कारणं झाकली जातात.

इथेनॉलचा वाटा किती?

एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्यापेक्षा एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश कमी असते. म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. हे कुणी लपवलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींचं अॅव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घसरेल आणि ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांचं एक ते दोन टक्क्यांनी. पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये जवळपास तशीच कबुली दिली; जुन्या गाड्यांसाठी त्यांनी तीन ते सहा टक्के हा आकडा धरला.

आता हिशेब बघा. वीस देणाऱ्या गाडीचे सहा टक्के म्हणजे सव्वा किलोमीटर. शिवाय जून २०२२ मध्येच देशात सरासरी दहा टक्के मिश्रण झालं होतं. म्हणजे 'तीन वर्षांपूर्वी गाडी वीस द्यायची' असं म्हणणारा तेव्हाही ई-१० च भरत होता. त्याच्या बाबतीत इथेनॉलमुळं झालेली घट तीन-चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाऊण किलोमीटर. चोवीस आणि सतरामधल्या सात किलोमीटरपैकी जास्तीत जास्त एक-दीड किलोमीटर इथेनॉलच्या नावावर टाकता येतात. उरलेले साडेपाच दुसरीकडं शोधावे लागतात. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेली, ई-२० ला जुळवलेली गाडी असेल तर इथेनॉलच्या खात्यावर आणखी कमी.

याचा अर्थ ग्राहकाची तक्रार खोटी, असा नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती : ऊर्जा कमी मिळते त्याची भरपाई म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावं. ते झालं नाही. इथेनॉलची खरेदी किंमतच आता पेट्रोलपेक्षा जास्त पडते, असं मंत्रालयाचं म्हणणं. बिनमिश्रणाचं पेट्रोल पंपावर पर्याय म्हणून ठेवावं, ही मागणी करणारी जनहित याचिका सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. त्यामुळं वाटा छोटा असला तरी तो ग्राहकाच्याच खिशातून जातो, आणि निवड करायची सोयही नाही.

सीमाभागात तर हा विषय दुधारी. गाडीच्या टाकीतल्या इथेनॉलवर ओरडणाऱ्या घरात पुष्कळदा शेतात ऊस उभा असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी रस्ता अडवला गेला, सरकारनं टनाला ३३०० रुपयांवर तडजोड केली, आणि मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी केंद्राकडं बोट दाखवताना कर्नाटकातल्या कारखान्यांना इथेनॉलचा कोटा कमी मिळतो हाही मुद्दा मांडला. एकाच घरात सकाळी कोटा वाढवा म्हणायचं आणि संध्याकाळी पंपावर इथेनॉलला शिव्या घालायच्या, असा हा प्रकार. दोन्ही मागण्या आपापल्या जागी बरोबरच आहेत म्हणा.

चोवीस आला कुठून?

जाहिरातीतला आकडा कंपनीनं हवेत काढलेला नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याची चाचणी होते. पण ती रस्त्यावर होत नाही. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात, गाडी जागची हलत नाही, आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणं वेग वाढवत-कमी करत ती साधारण वीस मिनिटं चालवतात. एसी बंद. जास्तीत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडाच वेळ. शहरी भागाच्या आराखड्यात गाडी थांबलेल्या स्थितीतून ५० च्या वेगाला जायला २६ सेकंद घेते. गोगटे सर्कलला सिग्नल सुटल्यावर कुणी २६ सेकंदांत पन्नास गाठायचं ठरवलं, तर मागचा रिक्षावाला काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

चाचणी सगळ्या गाड्यांना सारखीच असते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा कामाचा. अल्टो के-१० मॅन्युअलचा २४.३९ आणि सेलेरिओच्या एका ऑटो-गिअर मॉडेलचा २६.६८ हे आकडे शेजारी ठेवले तर कुठली गाडी कमी पिते ते कळतं. आपल्या गावात ती किती पिईल ते कळत नाही. शोरूममध्ये मात्र तो आकडा वचनासारखा सांगितला जातो, आणि खरी गडबड तिथं होते.

छोट्या गाडीच्या बाबतीत ही तफावत जास्त बोचते, त्यालाही कारण आहे. आठशे किलोच्या गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की वजन चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी वाढतं. सोळाशे किलोच्या मोठ्या गाडीत तीच पाच माणसं बसली तर वाढ वीस-बावीस टक्केच. एसीचंही तसंच. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ४५ अंशांना तापलेली केबिन थंड करायला कॉम्प्रेसर जी ताकद खातो, ती दोन लिटरच्या इंजिनाला जाणवत नाही. एक लिटरच्या तीन सिलिंडर इंजिनाला ती चांगलीच जाणवते. शहरात कमी वेगात तर आणखी. मोठ्या गाडीवाल्याची आठवरून सात झाली तर तो बोलतही नाही, कारण त्यानं गाडी अॅव्हरेज बघून घेतलेलीच नसते.

त्यात शहरातला वापर. टिळकवाडीहून चन्नम्मा सर्कलपर्यंत जायचं, वाटेत रेल्वे फाटक पडलेलं, इंजिन चालूच. उभ्या गाडीचं छोटं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळतं, एसी लावला तर जास्त, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. शिवाय दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनाला जादा पेट्रोल लागतं. पोरांना शाळेत सोडायचं, परत यायचं, गाडी थंड होऊ द्यायची, दुपारी पुन्हा न्यायची, अशी गाडी वापरणाऱ्याला तेरा-चौदा मिळाले तरी गाडीत बिघाड आहे असं समजायचं कारण नाही. हैदराबादच्या किंवा इंदूरच्या गर्दीत हेच प्रमाण आणखी बिघडतं.

हायवेवर उलट गोष्ट. तिथं वेग मारतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीपेक्षा जास्त होतो. उंच बांध्याच्या छोट्या गाड्यांना हा फटका मोठा. कोल्हापूर–बेळगाव रस्त्यावर सत्तर-ऐंशीनं गेलेली गाडी बावीस देते आणि तीच गाडी ११० नं पळवली की सोळा-सतरावर येते, यात नवल काही नाही.

'गोव्याचं पेट्रोल हलकं' ही समजूत

बेळगावात एक जुनी तक्रार आहे : गोव्यात पेट्रोल स्वस्त मिळतं, पण गाडी कमी पळते. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्र-कर्नाटकापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त असतं, हे खरं. वडोद्यात स्वस्त आणि इंदूर-हैदराबादेत महाग, हाही असाच राज्याच्या करांचा खेळ. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये विक्रीकर वाढवून पेट्रोल तीन रुपयांनी महाग केलं, तेव्हापासून कोल्हापूरकरांचा निपाणीकडं येऊन टाकी भरण्याचा फायदाही बराच आटला. गोव्याला गेलेला माणूस मात्र परतताना टाकी फुल्ल करतोच.

घोळ तिथंच होतो. पणजी समुद्रसपाटीला आहे आणि बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. टाकी पणजीत फुल्ल केली, ट्रिप मीटर शून्य केला, आणि साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढून कणकुंबी-जांबोटीमार्गे गाडी घरी आली. चार माणसं आणि सामान धरून अकराशे किलोची गाडी साडेसातशे मीटर उचलायला जी ऊर्जा लागते, ती पेट्रोलमध्ये मोजली तर पाऊण ते एक लिटर होते. कारण इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा, फार तर थोडा जास्त, चाकापर्यंत पोचवतं. बाकीची उष्णता होऊन जाते.

शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या या प्रवासाला सपाटीवर साडेपाच लिटर लागले असते, ते साडेसहा लागतात. वीसचं अॅव्हरेज सतरावर येतं. जाताना, उतारावर, तीच गाडी बावीस दाखवते. म्हणजे बेळगावात भरलेलं पेट्रोल 'चांगलं' आणि गोव्यात भरलेलं 'हलकं' ठरतं. दोष पंपाचा नसतो, घाटाचा असतो. अंबोलीमार्गे सावंतवाडीला जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि वडोद्याहून माळव्याच्या पठारावर इंदूरला चढणाऱ्यांनाही. चढताना गेलेलं सगळं उतरताना परत मिळत नाही, कारण घाटात ब्रेक दाबला की ती ऊर्जा तापून उडून जाते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय कार्बोरेटरच्या काळातली. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर पडलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते येत राहतं. म्हणजे न्यूट्रलनं बचत होत नाही, आणि चोर्ल्यासारख्या घाटात ब्रेक तापायचा धोका वेगळाच.

मोजणार कसं?

डॅशबोर्डवरचा आकडा पुष्कळ गाड्यांत थोडा गोडच असतो. फुल्ल टाकी ते फुल्ल टाकी हीच खरी पद्धत, पण तीही एका टाकीवर करून चालत नाही. सत्तावीस किंवा बत्तीस लिटरची छोटी टाकी. नोझल एकदा लवकर कट झालं, एकदा वरपर्यंत भरलं, की दीड लिटरचा फरक पडतो, म्हणजे पाच टक्के गेले. तोच पंप, तेच पहिल्या कटला थांबणं, आणि सलग चार-पाच टाक्यांची बेरीज, असं केलं तरच आकड्यावर विश्वास ठेवता येतो. घाटातला प्रवास असेल तर जाणं-येणं दोन्ही त्यात हवं.

इतकं करूनही गाडी शहराबाहेर पंधराच्या खाली राहत असेल, तर मग गॅरेज. टायरमधली हवा, चिकटून राहणारा ब्रेक, अलाइनमेंट, एअर फिल्टर, प्लग, जुन्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर. यातलं हवा आणि ब्रेक घरीही कळतं : दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर एकाच चाकाची डिस्क बाकीच्यांपेक्षा खूप तापलेली असेल, तर ब्रेक धरतोय. हात डिस्कला लावायचा नाही, जवळ नेला तरी कळतं.

पंपावर संशय असेल तर पाच लिटरचं माप मागता येतं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकासमोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापुढं तक्रार.

आणि कंपनीवर संशय असेल तर ग्राहक आयोग. २००४ मध्ये घेतलेल्या एका छोट्या गाडीच्या जाहिरातीत लिटरला १६ ते १८ किलोमीटर सांगितले होते, प्रत्यक्षात १०.२ मिळाले, राष्ट्रीय आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये एक लाख रुपये भरपाईचा आदेश कायम ठेवला. वीस वर्षं लागली. आता बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात चाचणी संस्थेचं नाव आणि 'प्रत्यक्षात फरक पडू शकतो' ही ओळ बारीक अक्षरात छापतात, त्यामुळं अशी केस उभी करणं जड झालं आहे. पेट्रोलची बिलं आणि प्रत्येक भरण्याच्या वेळचं मीटर रीडिंग लिहून ठेवलेलं असेल, तरच वकील फाईल हातात घेतो.