अनुभवी प्रोग्रामरला शिकायला वेळ द्या

इंदूरच्या क्रिस्टल आयटी पार्कात किंवा सुपर कॉरिडॉरवर दहा-पंधरा वर्षं जावा आणि सी प्लस प्लस लिहिणाऱ्याला नवी भाषा शिकायला सांगितली, की दोन-तीन आठवड्यांत तो तयार होईल असं गृहीत धरलं जातं. पायथॉन असेल तर तसं होतंही. रस्टच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो.

रस्ट आता हौशी मंडळींपुरती राहिलेली नाही. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती स्वतःसाठी म्हणून सुरू केली, मे २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत तिला जागा मिळाली. कारणही तसंच आहे: मेमरीच्या चुका ती कंपाइल करतानाच अडवते. आपल्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटींचं मूळ मेमरीच्या चुकांत असतं, असं मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितलं होतं.

गाडी अडते कुठे, ते पाहा. एका व्हेक्टरच्या पहिल्या घटकाचा रेफरन्स घेतला, मग त्याच व्हेक्टरमध्ये आणखी एक घटक पुश केला आणि नंतर तो रेफरन्स वापरला. सी प्लस प्लसमध्ये हे बिनबोभाट कंपाइल होतं. जागा अपुरी पडली की व्हेक्टर सगळा डेटा नव्या जागी हलवतो आणि जुना रेफरन्स सोडून दिलेल्या मेमरीकडेच बोट दाखवत राहतो. टेस्टिंगमध्ये सगळं ठीक दिसतं, ग्राहकाकडे प्रोग्राम कोसळतो. रस्टचा कंपायलर आधीच अडवतो: एरर ई०५०२. वाचायला उसनी दिलेली वस्तू परत येईपर्यंत बदलता येणार नाही.

नवशिक्या हा नियम मुकाट्याने स्वीकारतो. अनुभवी माणसाच्या हाताला जुनं वळण असतं. तो वैतागून जिथे-तिथे ‘क्लोन’ लावतो, म्हणजे उसनं देण्याऐवजी डेटाची प्रतच काढतो. कोड चालतो, पण भाषा अंगी लागत नाही. मात्र हरवलेल्या पॉइंटरच्या मागे ज्याने रात्री जागवल्या आहेत, त्याला या नियमाचं मोल एकदा उमगलं की तो इतरांपेक्षा खोलवर शिकतो. अनुभव आधी आडवा येतो, मग कामी येतो. मधला काळ मात्र कुणीतरी द्यावा लागतो.

तो काळ कंपनीने द्यावा, कर्मचाऱ्याच्या रविवाराने नव्हे. पहिले काही महिने बंद केलेल्या तिकिटांवरून त्याला जोखू नका. ग्राहकाच्या डेडलाइनऐवजी आधी एखादं लहानसं अंतर्गत टूल त्याच्या हाती द्या. आणि सीनियर मंडळींनो, कंपायलरचा संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘रस्टसी एक्सप्लेन’ या कमांडला एररचा क्रमांक दिला की त्या एररचं कारण उदाहरणासकट मिळतं. अडलात तर ज्युनियरला विचारा. त्यात कमीपणा नाही.