मधुचंद्राला मनालीच कशाला?

सोमवारी सकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. यंदाच्या लग्नसराईतल्या अशाच एका सोमवारी एक नवी नवरी सासूच्या खांद्याला टेकून बाकावर बसली होती. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती, हिरवा चुडाही तसाच होता आणि अंगात १०३ ताप. थंडी वाजून येत होती, उजवी कूस दुखत होती, सकाळपासून दोन उलट्या झालेल्या. नवरा बाजूला उभा राहून मोबाईल उगाच या हातातून त्या हातात करत होता. लग्नाला पंधरा दिवस झाले होते, त्यातले नऊ दिवस मनालीला जाण्यायेण्यात आणि तिथे फिरण्यात गेलेले.

"डॉक्टर, पोरीला दृष्ट लागली," सासूबाई म्हणाल्या. "मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, तरी ताप उतरत नाही."

त्यांना म्हटले, "मावशी, जरा बाहेर बसता का?" नवऱ्यालाही बाहेर पाठवले. मग मुलगी हळूहळू बोलू लागली. लघवीला जळजळ पाच दिवसांपासून होती. दिल्लीहून मनालीला रात्रीच्या बसने बारा-चौदा तासांचा प्रवास. बस ढाब्यावर थांबे, पण तिथली सोय बघून आत जायची हिंमत होईना. म्हणून तिने पाणी पिणेच बंद केले आणि तासन् तास लघवी दाबून धरली. परतीच्या वाटेवरही तेच. "अगं, मग नवऱ्याला सांगायचे नाही का, बस थांबवा म्हणून?" मी विचारले. ती म्हणाली, "नवीन माणसाला असं कसं सांगायचं?"

हे तिचे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. आजचा लेख त्या वाक्यापायी लिहितो आहे.

आधी दुखण्याबद्दल सांगतो, कारण ते अनेक घरांत होते आणि लाजेपोटी लपवले जाते. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास. आपल्याच आतड्यात राहणारे जंतू स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत शरीरसंबंध नव्याने सुरू होतात तेव्हा ही शक्यता वाढते. वैद्यकीय पुस्तकांत या दुखण्याला चक्क 'हनिमून सिस्टायटिस' असे नाव आहे. वेळीच लक्ष दिले तर साधी गोष्ट असते. पण पाणी कमी प्यायले, लघवी साठवून ठेवली, की जंतूंना वाढायला फुरसत मिळते. ते वर मूत्रपिंडापर्यंत गेले की थंडीताप, कुशीत दुखणे, उलट्या सुरू होतात. आमच्या या सुनेचे तेच झाले होते. दोन दिवस सलाईन लावावे लागले, लघवी तपासायला पाठवली, इंजेक्शने झाली आणि मग गोळ्यांचा कोर्स.

दृष्टीचा यात संबंध नाही, आणि मुलीच्या चारित्र्याचा तर मुळीच नाही. हे दुसरे वाक्य मुद्दाम लिहिले आहे. 'येतानाच दुखणे घेऊन आली' असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. नव्या नवरीने पाणी भरपूर प्यावे, संबंधानंतर लघवी करून घ्यावी, स्वच्छता पुढून मागे अशी करावी, आत साबण किंवा जंतुनाशक वापरू नये. जळजळ सुरू झाली की दोन दिवसांत डॉक्टरकडे जावे. केमिस्टकडून दोन गोळ्या आणून खाल्ल्या की आग थांबते, जंतू मात्र मरत नाहीत, आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना लागू पडत नाही. पाळी चुकली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत.

असो. आता मुद्द्याकडे वळतो.

नवऱ्याशी मागाहून बोलणे झाले. बोईसरला कारखान्यात नोकरी. पतपेढीतून कर्ज काढून मनालीचे पॅकेज घेतले होते, त्याचे अठरा हप्ते. का, तर बरोबरीच्या मित्रांनी बर्फातले फोटो टाकले होते. लग्नाचा सगळा शीण अंगात असताना तीन दिवस तिकडे जाण्यात आणि तीन दिवस परतण्यात. राहिले तीन, ते गाडीवाला नेईल तिथे आणि म्हणेल तेव्हा. दोघांनी निवांत बसून एकमेकांशी काय बोलणे झाले, असे विचारले तर गडी विचारात पडला.

अशी उदाहरणे ऐकून काही वडीलधारी म्हणतील, आमच्या वेळी कुठे होते हे थेर? खरे आहे. राजदत्त यांचा 'मधुचंद्र' हा चित्रपट १९६७ साली आला, तो आमच्या आईवडिलांच्या पिढीने कौतुकाने पाहिला आणि घरी येऊन पुन्हा दहा माणसांच्या दोन खोल्यांत संसार केला. पण या वडीलधाऱ्यांशी माझे भांडण आहे. आजही आपल्याकडे कितीतरी घरांत नव्या जोडप्याला मध्ये पडदा लावून जागा करून देतात. पलीकडे खोकणारे आजोबा, अलीकडे अभ्यास करणारी नणंद. सत्यनारायण झाला की कुलदैवत, कुलदैवत झाले की मामाकडे जेवण, मग मावशीकडे. देवदर्शनाला जोडपे निघाले तरी जीपमध्ये त्यांच्याबरोबर नऊ माणसे. अशात त्या दोघांची ओळख व्हायची कधी? म्हणून माझे मत असे, की नव्या जोडप्याने बाहेर जायलाच हवे. मात्र जवळ जावे आणि थोडे दिवस जावे. लग्नाची धावपळ संपल्यावर आठवडाभर झोप घ्यावी आणि मग दोन रात्री, तीन दिवस. आपल्याला तर लांब बघायलाही नको. बोर्डी आहे, डहाणू आहे, चिंचणी आहे, आणि माझ्या आवडीचे म्हणाल तर वाढवण.

यामागे डॉक्टरी कारणे आहेत. 'पहिल्या रात्री जमले नाही' म्हणून घाबरून येणारे तरुण मला दरवर्षी भेटतात. चार रात्रींचे जागरण, हळदीला झालेले मद्यपान, वेळी-अवेळी जेवण आणि मनात परीक्षेची भीती, अशा वेळी शरीराने साथ दिली नाही तर त्यात नवल ते काय? याला औषध झोपेचे आणि गप्पांचे. ते न घेता ही मुले भिंतीवरच्या जाहिराती वाचून तंबूतल्या भोंदूकडे जातात आणि हजारो रुपयांच्या पुड्या खातात. तिकडे मुलीही भीतीने अंग आखडून घेतात, मग दुखते, मग भीती वाढते. पहिल्या वेळी रक्तस्राव झालाच पाहिजे ही समजूत तर पार चुकीची आहे. अनेकींना तो होत नाही, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या गोष्टींना घाई चालत नाही. सकाळी सातला बस पकडायची नसेल, तर त्या आपोआप सुटतात.

आमच्या डहाणू-तलासरीत आणखी एक कारण आहे. इथल्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. या आजाराच्या रुग्णाला उंचावरची विरळ हवा, कडाक्याची थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे, हे तिन्ही बाधते आणि त्यातून हाडे फुटावीत तशा वेदनांचा झटका येऊ शकतो. मनालीजवळचे रोहतांग तेरा हजार फुटांवर आहे. तेव्हा उंचावर जायचे ठरवण्याआधी रक्त तपासलेले असावे. खरे तर ही तपासणी लग्नाच्या बोलणीतच व्हावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी जन्मण्याची असते. समुद्रकाठी उंचीचा प्रश्नच नाही. पाणी मात्र तिथेही प्यायला हवे, ऊन आणि घाम आहेच.

निघण्यापूर्वी मुली पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात, कधी पूजेसाठी, कधी फिरण्यासाठी. शेजारणीच्या सल्ल्याने घेऊ नयेत. पायात रक्ताची गाठ झाली असेल किंवा यकृताचे दुखणे असेल तर त्या धोक्याच्या. आणि एवढ्या गोळ्या खाल्ल्या म्हणजे दिवस राहणार नाहीत, अशा भरवशावर तर मुळीच राहू नये. मूल लगेच नको असेल तर निरोध, माला-एन, 'छाया' यांची माहिती आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. बाहत्तर तासांच्या आत घ्यायची गोळी अडचणीपुरती आहे, नेहमीची नव्हे. मूल हवे असेल तर फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करावी.

आता वाढवणच का, ते सांगतो. माझे लग्न १९९७ च्या डिसेंबरात झाले. तेव्हा मी एका आरोग्य केंद्रात नोकरीला होतो आणि रजा मिळाली तीन दिवसांची. बायको मुंबईची, तिला वाटले असणार की नवऱ्याने महाबळेश्वर तरी दाखवावे. मी तिला एसटीने वाढवणला नेले. ओळखीने एका वाडीतली मागची खोली मिळाली होती. सकाळी ओहोटीला खडक उघडे पडले की आम्ही त्यावरून हिंडत असू. खळग्यांत साठलेल्या पाण्यात खेकडे, शंख, छोटे मासे. तिला शहरात हे कुठे दिसणार? दुपारी भाकरी आणि बोंबील. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मला 'अहो डॉक्टर' म्हणत होती. दुसऱ्या रात्री तिने सांगितले की तिला अंधाराची भीती वाटते आणि मी घोरतो. आमचा संसार तिथून सुरू झाला, असे मी मानतो.

गावात तेव्हा बंदराची चर्चा होती, ओट्यावर बसलेली माणसे त्यावरच बोलत. पुढे १९९८ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. समुद्रात चौदाशेहून अधिक हेक्टर भराव पडायचा आहे. त्याच्या बऱ्या-वाईटावर लिहायला ही जागा नव्हे. एवढेच म्हणतो, की त्या खडकांवरून जोडीने फिरायचे असेल तर फार वर्षे थांबू नका.

समुद्राबद्दल एक इशारा. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी बारा फुटांहून अधिक चढते, आणि सपाट खडकांवर ते मागून कधी वळसा घालून येते ते बोलण्याच्या नादात कळत नाही. कोळ्यांचा जुना हिशेब लक्षात ठेवावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पावणेचार. त्यापासून सहा-सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरून चालावे आणि पाणी वळले की माघारी फिरावे. पायात रबरी चप्पल हवी, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. जखम झालीच तर गोड्या पाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

दहा दिवसांनी आमची सून लघवीचा रिपोर्ट घेऊन आली. रिपोर्ट स्वच्छ होता, चेहराही. मी सासूबाईंना म्हटले, "मावशी, आता यांना दोन दिवस वाढवणला पाठवा. दोघांनाच."

"आताच तर फिरून आले की," त्या म्हणाल्या.

"ते गाडीत बसून आले. फिरायचे राहिलेच आहे."

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वरोर माझं माहेर. भावाकडे राहतील."

"मामाकडे नको. मामा-मामी रात्री बारापर्यंत गप्पा मारत बसतील, सकाळी अख्खी आळी सून बघायला येईल. खोली भाड्याने घेऊ द्या. मनालीच्या एका हप्त्यात भागेल."

सून खाली बघून हसत होती. नवरा म्हणाला, "शनिवारी सुट्टी टाकतो." सासूबाईंनी माझ्या टेबलामागच्या कालनिर्णयकडे मान वर करून पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि मुलाला म्हणाल्या, "शनिवारी सप्तमी आहे. सव्वापाचला भरती. अकरा-साडेअकराला जा खडकावर, आणि हिला पाण्याची बाटली घेऊन दे."